दिवेलागणीनंतरचे दोन तास

हें भाषण ऐकत असतांना आपले हात मोकळे आहेत. कोणी शेंगा सोलीत असाल, कोणी कपड्यांच्या घड्या घालीत असाल, कोणी नुसतेच आरामखुर्चींत पडून ऐकत असाल. मध्येंच मुलानें कांहीं विचारलें तर त्याच्याकडे पाहून उत्तर देतां येईल, आणि तेवढ्यांत माझें एखादें वाक्य हुकलें तरी फारसें बिघडणार नाहीं. रेडिओ आपल्याकडून फक्त कान मागतो. डोळे आणि हात तो घरच्या माणसांसाठीं ठेवून देतो. आज मला ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे ती मात्र आधीं डोळे मागते, मग हात मागते, आणि शेवटीं समोर बसलेल्या माणसाचा विसर पाडते. ती वस्तु म्हणजे जेवतांना मुलांच्या हातांत असलेला मोबाईलचा पडदा.

आरंभींच एक गोष्ट कबूल करून टाकतों. शिक्षकाला उपदेशाची संवय जडलेली असते, आणि सेवानिवृत्तीनंतर वर्ग सुटला तरी ती संवय सुटत नाहीं. तेव्हां हा मनुष्य आतां घरोघरच्या आयांना चार शब्द सुनावणार, अशी शंका आपल्याला येणें स्वाभाविक आहे. तसें कांहीं होणार नाहीं. कारण आमच्या घरांतील या प्रकरणाचा पहिला गुन्हेगार मीच आहें.

माझा नातू तेव्हां दोन वर्षांचा होता. चिरंजीव आणि सूनबाई दोघेहि नोकरीला जात. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. धांवत्या मुलामागें वाटी घेऊन फिरणें तिला झेपत नसे. म्हणून दुपारीं त्याला भरविण्याचें काम माझ्याकडे आलें. एके दिवशीं वरणभाताचे पांच-सहा घांस खाल्ल्यावर त्यानें तोंड घट्ट मिटून घेतलें. काऊचिऊच्या नांवानें घांस झाले, घोड्याच्या नांवानें झाले, तरी तोंड उघडेना. अखेर मीं खिशांतला फोन काढला आणि त्यावर कावळ्याचें एक चलच्चित्र लावून दिलें. तोंड उघडलें. एक घांस आंत गेला, मागोमाग दुसरा गेला, आणि पाहतां पाहतां वाटी रिकामी झाली. मोठा विजय मिळविल्याप्रमाणें ती रिकामी वाटी मीं पत्नीला नेऊन दाखविली.

असें आठदहा दिवस चाललें. एका दुपारीं आमच्या खिडकीच्या गजावर खराखुरा कावळा येऊन बसला आणि ओरडूं लागला. मीं म्हटलें, "अरे, बघ, बघ, काऊ आला!" मुलानें मान वर केली नाहीं. त्याच्या हातांतल्या फोनमध्यें कावळा होताच. त्या वेळीं मला त्याची नुसती गंमत वाटली. त्यांतला धोका ध्यानांत येण्यास आणखी दीड वर्ष जावें लागलें.

मुलगा साडेतीन वर्षांचा झाला तेव्हां घरांतली परिस्थिति अशी होती : फोन समोर असल्याशिवाय तो घांस घेत नसे. फोन बंद केला कीं तोंडांतला घांस गालांत तसाच धरून बसे. आपण काय खाल्लें, किती खाल्लें, पोट भरलें कीं नाहीं, याचा त्याला पत्ता नसे. भाजी भेंडीची होती कीं दोडक्याची, हें जेवण संपल्यावर विचारलें तर सांगतां येत नसे. बालवाडीच्या बाईंनीं सूनबाईला बोलावून घेतलें आणि सांगितलें, "मुलगा डबा उघडून बसतो, परंतु खात नाहीं. कोणी भरवील म्हणून वाट पाहतो. आणि बोलतोहि फार कमी."

हें असें कां व्हावें? पडद्याची सरसकट निंदा करणें सोपें आहे; परंतु आमच्या पिढीनेंहि पडदा पाहिलेला आहे, तेव्हां दोन पडद्यांतला फरक नीट पाहिला पाहिजे. मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झालें तें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. मी तेव्हां शाळकरी मुलगा होतों. चाळींत एखाद्याच बिऱ्हाडीं दूरदर्शनचा संच असे, आणि त्याला लांकडी कपाटासारखीं दारें असत. कार्यक्रम संध्याकाळचे, मजल्यावरचीं सर्व मुलें त्या एका खोलींत जमिनीवर दाटीवाटीनें बसत. पुढें २५ जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं रामायणाची मालिका लागूं लागली तेव्हां रस्ते ओस पडत, हेंहि आपण पाहिलें आहे. परंतु त्या पडद्याला एक जागा होती, एक ठराविक वेळ होती, आणि समोर दहा माणसें होतीं. मुख्य म्हणजे तो आपण होऊन संपत असे. कार्यक्रम झाला कीं दारें लावलीं जात आणि मुलें उठत.

हातांतल्या पडद्याला यांपैकीं कांहींच नाहीं. तो स्वयंपाकघरांत येतो, अंथरुणांत येतो, प्रवासांत येतो. तो एकट्यानें पाहावयाचा असतो. आणि त्याला शेवट नाहीं. एक चित्र संपतें न संपतें तोंच दुसरें आपोआप सुरू होतें. "संपलें, आतां उठा," हें पूर्वी पडदा स्वतःच सांगे. आतां तें आईला सांगावें लागतें, आणि म्हणून रोज संध्याकाळीं रडारड होते. त्यांतच मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या आणि शाळाच फोनमध्यें जाऊन बसली. ज्या घरांत फोनला हात लावण्याची मुलांना बंदी होती, त्या घरांतल्या आईबापांनाहि तो स्वतःच्या हातानें मुलांना द्यावा लागला. शाळा पुन्हां उघडल्या. परंतु हातांत आलेली वस्तु सहजासहजीं परत गेली नाहीं.

या बाबतींत वैद्यांचें म्हणणें अगदीं स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें एप्रिल २०१९ मध्यें पांच वर्षांखालील मुलांसाठीं कांहीं मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणें दोन वर्षें पुरीं होईपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवूंच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसांतून फार तर एक तास, आणि त्याहून कमी असेल तितकें बरें. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठीं १० ते १३ तास झोंप हवी, असेंहि त्यांत सांगितलें आहे. आपल्या देशांतील बालरोगतज्ज्ञांच्या 'इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स' या संस्थेनें २०२२ सालीं आपले नियम प्रसिद्ध केले. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको; अपवाद म्हणून परगांवच्या आप्तांशीं प्रसंगोपात्त समोरासमोर बोलणें चालेल. दोन ते पांच वर्षांपर्यंत एक तास, तोहि मोठ्यांच्या देखरेखीखालीं. पांच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी. शिवाय जेवतांना आणि झोपण्यापूर्वीचा एक तास पडदा दूर ठेवावा, असें ही संस्था सांगते.

जेवण्याच्या वेळेवर एवढा कटाक्ष कां? कारण जेवणें ही मुलाला शिकावी लागणारी विद्या आहे. घांस चावणें, जिभेवर चव ओळखणें, नवी भाजी चार वेळां नाकारून पांचव्या वेळीं चाखून पाहणें, आणि पोट भरलें कीं हात आंखडता घेणें, हें सर्व लक्ष असल्याशिवाय येत नाहीं. पडद्याकडे डोळे लावून बसलेल्या मुलाच्या पोटांत अन्न जातें, परंतु तें जेवत नाहीं. भूक आणि तृप्ति या दोन्ही खुणा त्याला ऐकूं येत नाहींत. म्हणून कोणी अर्धपोटीं राहतें, तर कोणी गरजेपेक्षां अधिक खातें.

भाषेचेंहि तसेंच आहे. लहान मूल भाषा शिकतें तें देवघेवींतून. मूल एक मोडका शब्द टाकतें. आई तोच शब्द नीट करून परत देते. मूल तो पुन्हां उच्चारतें. अशा फेऱ्या दिवसाकाठीं शेंकडों होतात. पडदा पुष्कळ बोलतो, परंतु मुलाचें बोलणें ऐकत नाहीं. म्हणून दोन-अडीच वर्षांपर्यंतचें मूल समोरच्या माणसाकडून जितकें शिकतें तितकें चित्रांतल्या माणसाकडून शिकत नाहीं, असें अभ्यासकांना आढळून आलेलें आहे.

हें सर्व मीं वाचलें, आणि शिक्षकाच्या स्वभावाला अनुसरून पहिली चूक केली. रात्रीं सूनबाई मुलाला भरवीत असतां मीं तिला सुनावलें, "अगं, आई असून मुलाला असें फोनच्या हवालीं करतेस?"

सूनबाईनें हातांतला घांस खालीं ठेवला. आवाज न चढवितां ती म्हणाली, "बाबा, मी सात वाजतां घरांत पाऊल टाकतें. नऊ वाजेपर्यंत कणीक, भाजी, आमटी, भात, उद्यांच्या डब्यांची तयारी, आणि याचें जेवण. त्या दोन तासांत याच्याशीं बोलायला या घरांत कोण मोकळें असतें, तें तुम्हीच सांगा."

मला उत्तर सुचेना. कारण त्या क्षणीं माझ्याहि हातांत फोन होता, आणि त्यावर मी मुलांवरील संस्कार या विषयावरचा एक मजकूर वाचीत होतों.

रात्रीं झोंप लागेना, तेव्हां उठून एक कागद घेतला. तीस वर्षें शाळांचीं वेळापत्रकें आंखलीं. तसेंच एक घराचें आंखलें. घरांत पांच माणसें, म्हणून पांच रकाने. सात ते नऊ या वेळेचे अर्ध्या अर्ध्या तासाचे चार भाग. मग कोणाच्या चौकोनांत काय येतें तें प्रामाणिकपणें लिहीत गेलों. सूनबाईच्या चारहि चौकोनांत दोन दोन कामें बसलीं. चिरंजीव आठ वाजतां येतो. त्याचे पहिले दोन चौकोन लोकलगाडीचे, पुढचे दोन स्नानाचे आणि कचेरीच्या राहिलेल्या पत्रव्यवहाराचे. पत्नीच्या रकान्यांत दिवाबत्ती, जप, बसल्या बसल्या भाजी निवडणें. माझ्या रकान्यांत बातम्या आणि फोन, पुन्हां बातम्या आणि फोन. शेवटचा रकाना नातवाचा. त्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत फोन. आजोबांचा आणि नातवाचा रकाना जवळजवळ सारखा होता. फरक इतकाच कीं त्याला रागावणारा मी होतों, आणि मला रागावणारें कोणी नव्हतें.

तो कागद पाहतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत आली, आणि ती मला अधिक लागली. माझें रात्रीचें जेवण म्हणजे तव्यावरून थेट पानांत येणारी गरम पोळी. ही माझी चाळीस वर्षांची संवय. पूर्वी ती पत्नीनें सांभाळली. आतां सूनबाई सांभाळीत होती. कणीक मळण्यापासून शेवटची पोळी उतरेपर्यंत पाऊण तास सहज जातो, आणि त्या पाऊण तासांत तव्याजवळून हलतां येत नाहीं. म्हणजे माझ्या गरम पोळीसाठीं मुलाच्या हातांत फोन दिला जात होता. एकीकडे मुलानें फोन सोडावा म्हणून मी आग्रह धरीत होतों, आणि दुसरीकडे तो त्याच्या हातांतून सुटणार नाहीं अशी व्यवस्था माझ्याच जेवणाच्या मागणीनें करून ठेवली होती.

श्रोतेहो, आजच्या भाषणांत मला जें सांगावयाचें आहे तें एवढेंच. मुलाच्या हातांतला पडदा हा बहुतेक वेळां लाडाचा परिणाम नसतो. संध्याकाळच्या कामाला घरांत हात कमी पडतात, त्याचा तो परिणाम असतो. म्हणून फोन कसा काढून घ्यावा हा प्रश्न दुसरा. त्या दोन तासांत मोकळें कोण होणार, हा प्रश्न पहिला.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं सर्वांनीं बसून तीन गोष्टी ठरविल्या. पहिली : साडेसात ते नऊ घरांतले सगळे फोन, मोठ्यांचे आधीं, पत्नीच्या पोह्यांच्या जुन्या पितळी डब्यांत ठेवावयाचे. घंटी वाजली तर उठून घ्यावा, बोलणें संपवावें, आणि पुन्हां डब्यांत ठेवावा. दुसरी : आठवड्यांतून पांच दिवस रात्रीचा स्वयंपाक एका पदार्थाचा, आणि त्यांतले तीन दिवस माझे, उरलेल्या दोन दिवसांचें भाजी चिरणें आणि पानें घेणें चिरंजीवाकडे. तिसरी : नातवाला रोज एक काम, जें त्यानें केल्याशिवाय जेवण पुरें होणार नाहीं.

आतां, ज्यानें वयाच्या साठीपर्यंत चहापलीकडे कांहीं केलें नाहीं, त्यानें स्वयंपाक कसा करावा? "अंदाजानें मीठ घाला" या वाक्याचा अर्थ आम्हां पुरुषांना कळत नाहीं. कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' हें पुस्तक १९७० सालीं प्रथम निघालें, आणि वाटी-चमच्याचीं मापें देऊन त्यानें अनेक नवशिक्यांची सोय केली. घरांत तें होतेंच. मापें मिळालीं आणि मला धीर आला.

माझा पहिला पदार्थ मुगाच्या डाळीची खिचडी. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ धुवून पंधरा मिनिटें भिजत ठेवावी. तेवढ्यांत एक कांदा, एक टोमॅटो आणि घरांत असेल ती भाजी चिरून घ्यावी. दुध्या, गाजर, मटार, कांहींहि चालतें. कुकरमध्येंच दोन चमचे तेलाची मोहरी, जिरें, हिंग, हळद आणि कढीलिंब घालून फोडणी करावी, भाजी परतावी, डाळतांदूळ घालावे, साडेचार वाट्या पाणी आणि बेताचें मीठ घालून झांकण लावावें. तीन शिट्या झाल्या कीं गॅस बंद करावा. वाफ आपोआप बसूं द्यावी. त्या दहा मिनिटांत काकडीची कोशिंबीर होते आणि पापड भाजून होतात. वर साजूक तूप. पाऊण तासाच्या आंत पांच माणसांचें पान तयार होतें, आणि त्यांतला अर्धाअधिक वेळ आपण नुसते बसून असतों, म्हणजेच मुलाशीं बोलावयास मोकळे असतों. शिटी कां होते, असें नातवानें विचारलें तेव्हां मला माझा विज्ञानाचा तास परत मिळाला. उघड्या भांड्यांत पाणी १०० अंशांवर उकळतें; बंद कुकरमध्यें वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें, म्हणून डाळ लवकर शिजते. चार वर्षांच्या मुलाला अंश कळले नाहींत. परंतु कोंडलेल्या वाफेला बाहेर यावयाचें असतें, हें त्याला पूर्ण पटलें.

दुसरा पदार्थ पिठलें. बेसनाच्या चौपट पाणी घेऊन त्यांत बेसन आधींच गार पाण्यानें कालवावें, म्हणजे गुठळ्या होत नाहींत. लसूण-मिरचीच्या फोडणींत ओतून सतत ढवळावें. पंधरा मिनिटांत पिठलें तयार. भाकरी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रांतून आणावी. विकतची भाकरी आणल्यानें संस्कृति बुडत नाहीं. त्या भाकरीनें वांचविलेला अर्धा तास जर मुलाला मिळाला तर कांहीं सुधारतेंच. तिसरा पदार्थ थालीपीठ. भाजणी घरांत भरून ठेवलेली असली कीं कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ घालून पीठ भिजवावयाचा काय तो अवकाश. ओल्या फडक्यावर थालीपीठ थापून झालें कीं मध्यें बोटानें भोंकें पाडावयाचीं असतात, तेल आंत उतरावें म्हणून. तें काम आमच्या घरांत नातवाचें. तो पांच भोंकें पाडतो आणि मोजतो.

मुलांना कामें देतांना वय पाहिलें पाहिजे. दोन-तीन वर्षांचें मूल कोथिंबिरीचीं पानें खुडतें. मटार सोलावयास दिल्यास जवळ बसावें. दाणा नाकांत घालून पाहण्याचें कुतूहल या वयांत फार असतें. चार ते सहा वर्षांचें मूल तांदूळ वाटीनें मोजून धुतें, ताटें-वाट्या मांडतें, फुलपात्रांत पाणी भरतें. सात-आठ वर्षांचें मूल कोशिंबीर कालवितें आणि पोळीचा नकाशा लाटतें. त्यानंतर मोठ्या माणसाच्या देखत गॅसजवळ उभें राहावयास हरकत नाहीं. यांत मुलगा आणि मुलगी असा भेद करूं नये; मीं तो साठ वर्षें केला आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्यांना पडला. कामांत सांडलवंड होणार, हें गृहीत धरावें. आमच्या घरीं पहिल्या महिन्यांत किलोभर तांदूळ तरी मोरींत वाहून गेले असतील.

हें सर्व पहिल्या दिवसापासून गोड झालें असें मीं सांगितलें तर तें खोटें होईल. पहिले तीन दिवस आमच्या घरांत जो आक्रोश झाला तो शेजाऱ्यांनींहि ऐकला. मुलगा दोन घांस खाऊन पानावरून उठला. आमच्या डॉक्टरांनीं आधींच सांगून ठेवलें होतें कीं निरोगी मूल समोर अन्न असतां उपाशी राहत नाहीं, बळजबरी करूं नका. तरी आजीचें मन राहवेना. तिसऱ्या रात्रीं तिनें डब्याच्या झांकणाला हात लावला, आणि सूनबाईनें तो हळूच बाजूला केला. चौथ्या दिवशीं स्वतः धुतलेल्या काकडीचा एक तुकडा त्यानें आपण होऊन तोंडांत टाकला. पंधरा दिवसांत तो आपल्या हातानें जेवूं लागला. निम्में जमिनीवर, निम्में पोटांत. पुढें त्याला ताप आला, घरांत पाहुणे आले, लांबचा प्रवास झाला, तेव्हां तेव्हां नियम मोडलाहि. मोडलेला नियम दुसऱ्या दिवशीं पुन्हां लावतां येतो, हें मात्र आम्ही शिकलों. माझी कन्या परगांवीं असते. रविवारीं सकाळीं फोनच्या पडद्यावर ती भाच्याशीं बोलते, तें आम्हीं कधीं बंद केलें नाहीं. फोन हें बक्षीस करूं नये आणि फोन काढून घेणें ही शिक्षाहि करूं नये. दोन्हींनीं त्याची किंमत मुलाच्या मनांत वाढते.

एका घराला हें अवघड जातें, कारण शेजारच्या घरांतून पडद्याचा आवाज येतच असतो. त्यावर सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या गांवानें २०२२ सालीं एक तोड काढली. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गांवानें सभा घेऊन ठरविलें कीं रोज संध्याकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजला कीं घरोघरचे दूरदर्शनसंच आणि फोन बंद करावयाचे, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत ते बंद ठेवावयाचे. त्या दीड तासांत मुलांनीं अभ्यास करावा आणि घरच्यांनीं एकमेकांशीं बोलावें. लोकांना हें समजावून सांगण्यासाठीं अंगणवाडीसेविका, आशा कार्यकर्त्या आणि सेवानिवृत्त शिक्षक घरोघर हिंडले. शहरांत देऊळ आणि भोंगा सर्वांना सारखा नसतो. परंतु एका जिन्यावरच्या चार बिऱ्हाडांनीं एकच वेळ ठरविण्यास भोंग्याची गरज नाहीं. सेवानिवृत्त शिक्षक तर प्रत्येक इमारतींत एखादा सांपडतोच, आणि त्याला काम हवेंच असतें.

आमचा नातू आतां पांचव्या वर्षांत आहे. गेल्या महिन्यांत एका रात्रीं खिचडी माझ्या हातची होती. सर्वजण पानावर बसले. चिरंजीवानें मुकाट्यानें दोन घांस खाल्ले. सूनबाईनें माझ्याकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां लोणचें वाढून घेतलें. पत्नीहि गप्प राहिली. नातवानें मात्र पहिलाच घांस घेऊन तोंड वाकडें केलें आणि म्हणाला, "आबा, आज मीठ घातलंच नाहीं तुम्ही!"

भेंडी आणि दोडका यांतला फरक ज्याला सांगतां येत नव्हता, त्या मुलाचें तें वाक्य मीं ऐकलें आणि उठून मिठाची बरणी आणली. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या चुका काढल्या. परंतु माझी चूक कोणी काढली म्हणून इतका आनंद झाल्याचें मला दुसरें उदाहरण आठवत नाहीं.

माझी वेळ संपली. आपल्याहि घरीं आतां पानें घेण्याची वेळ झाली असेल. आज रात्रीं एकदां मनांतल्या मनांत पांच रकाने आंखून पाहावे, आणि जो रकाना सर्वांत मोकळा दिसेल त्या माणसानें उठून स्वयंपाकघरांत जावें, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.